पितृपक्षात आलेली गाडी

भाव करायला मला आवडतं. लाज कसली त्यात? भाजीवाला असो, मिठाईवाला असो, 'एक दाम' अशी पाटी लावून बसलेला कापडवाला असो, मी एकदा विचारून बघतोच. तेवढ्या वेळात बायको दोन पावलं मागं सरकून भलतीकडेच बघत उभी राहते, माझ्याबरोबर आलीच नसल्यासारखी. बँकेत कुणाला फ्रीज घ्यायचा असला की हमखास मला हाक येते, 'चलिए दादा, आपके रहने से दाम गिरता है.' गेल्या वर्षी मी जन्मातली पहिली नवीकोरी गाडी घेतली, आणि अख्ख्या बनारसात त्या महिन्यात तेवढ्या स्वस्तात कुणी घेतली नसेल, हे छातीठोकपणे सांगतो. आणि तेवढ्याच छातीठोकपणे हेही सांगतो, की इतका मूर्खपणा मी दुसरा केलेला नाही.

गाडी आईसाठी घ्यायची होती.

आईला एकच सख्खी बहीण. आई ब्रह्माघाटावर दिलेली आणि मावशी गंगेपलीकडे, रामनगरला. माझ्या लहानपणी महिन्यातून एकदा तरी आई अस्सी घाटापर्यंत रिक्षानं आणि पुढं नावेनं मावशीकडे जायची. नावेत बसलं की तिचा चेहराच बदलायचा. घाटावरच्या गल्लीत पदर सावरून, भिंतीला धरून चालणारी बाई ती, पाण्यात हात घालून बसायची आणि नावाड्याशी गप्पा मारायची. तीन वर्षांपूर्वी ती न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घाटाच्या पायऱ्या आणि ती उंच उंबऱ्यांची घरं तिला झेपेनात, म्हणून मी आईबाबांना युनिव्हर्सिटीजवळच्या माझ्या फ्लॅटवर आणलं. तिथून रामनगरचा पूल जेमतेम पंधरा मिनिटांवर. आई खूष झाली. म्हणाली, 'आता काय, ताई शेजारीच आली.'

पहिल्यांदा गेलो ते भाड्याच्या गाडीनं. आईला चढायला वेळ लागतो, उतरायला त्याहून जास्त. ड्रायव्हर मागून 'जल्दी करिए अम्मा, जल्दी' करत होता. पुलाच्या तोंडाशी जाम लागला आणि आम्ही पाऊण तास जागच्या जागी. ऑपरेशननंतर आईला लघवी धरवत नाही. तिनं माझा हात दोनदा दाबला, मला कळलंच नाही. कळलं तेव्हा सीट ओली झाली होती. ड्रायव्हरला वास आला, त्यानं मागं वळून बघितलं आणि जे काही बोलला ते मी लिहिणार नाही. शेवटचं वाक्य एवढंच होतं, 'अब ये सीट कौन धोएगा?' मी त्याची कॉलर धरली. आईनं मला मागं ओढलं. आम्ही तिथूनच परत फिरलो. मी त्याच्या अंगावर धुलाईचे पैसे फेकले आणि आई घर येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसली.

घरी आल्यावर म्हणाली, 'मला आता कुणाच्या गाडीत बसवू नको.' त्यानंतर दीड वर्ष ती खाली उतरली नाही. रोज दुपारी चार वाजता दोघी बहिणींचा फोन चालायचा, स्पीकर लावून, कारण दोघींनाही ऐकू कमी येतं. तिकडे मावशीही आता अंथरुणाला खिळलेली. पंधरा मिनिटांच्या अंतरावर दोन म्हाताऱ्या एकमेकींना ओरडून विचारायच्या, आज सब्जी काय केली.

ज्येष्ठात एक दिवस मी ती ओरडाओरड ऐकत होतो आणि माझंच मला कसंतरी झालं. मी म्हटलं, 'आई, आपली स्वतःची गाडी घेऊ. आपली सीट, आपली मर्जी.'

आईनं माझ्याकडं बघितलं. 'बघ बाबा,' म्हणाली. बस, एवढंच. मीही समजलो, की तिला काही घाई नाही.

आता बाबांविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाबा वैदिक. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, पिंडदान, रुद्र, साठ वर्षं हेच काम. अजूनही मैदागीनपर्यंत ई-रिक्षानं आणि पुढं काठी टेकत ब्रह्माघाटावर जातात. आमच्या घराण्याचा एक नियम आहे. दक्षिणा तोंडानं मागायची नाही. यजमान विचारतो, 'गुरुजी, किती द्यायचं?' बाबा म्हणतात, 'यथाशक्ति.' मग तो जे देईल ते न मोजता झोळीत. मी नऊ वर्षांचा असताना एका कुटुंबाचं तीन दिवसांचं कर्म बाबांनी उपाशीपोटी केलं, आणि त्या गृहस्थानं नारळ आणि अकरा रुपये हातावर ठेवले. बाबा हसून म्हणाले, 'कल्याणमस्तु.' त्या वर्षी माझ्या शाळेच्या बुटात मी पुठ्ठा घालून जात होतो. त्या अकरा रुपयांचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. मी पौरोहित्य शिकलो नाही, बँकेत लागलो, आणि भाव करायला लागलो, त्याचं मूळ बहुतेक त्या नारळात आहे.

हा नियम बाबांपुरता नव्हता, सगळ्या घराला लागू. कुणाकडे गेलं तर पाणीसुद्धा मागायचं नाही, त्यांनी विचारलं तर प्यायचं. आईनं बाबांकडे कधी साडी मागितल्याचं मला आठवत नाही. मावशी तिला खूप चिडवायची. मावशीचं सासर मास्तरांचं, तिथं असलं काही खूळ नव्हतं. ती सरळ म्हणायची, 'ए, तुझ्या हातच्या अळूवड्या पाठव गं, चार दिवस झाले जीभ मरून गेलीय.'

तर पहिल्या शोरूममध्ये मी बाबांना घेऊन गेलो. ही माझी चूक. वाटलं, घरातलं मोठं माणूस बरोबर असावं. काचेचं दार, आत एसी, गाड्या न्हाऊन-माखून उभ्या. बाबा धोतर, उपरणं, कपाळाला गंध. मॅनेजर लगबगीनं आला आणि थेट बाबांच्या पायाशी वाकला. झालं! बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, गाव कोणतं विचारलं, मुलं किती विचारलं. त्याची मुलगी आजारी होती, तिच्यासाठी एक स्तोत्र सांगितलं. मी मधे कोटेशनचा विषय काढला. त्यानं कागदावर ऑन-रोड किंमत लिहिली, म्हणजे गाडी, रजिस्ट्रेशन, विमा आणि त्यांनी आपल्या मनानं घुसवलेलं बाकीचं सगळं मिळून. मी तोंड उघडणार, तोवर बाबा म्हणाले, 'ठीक है बेटा. उचित है.'

उचित है! मॅनेजरनं हात जोडले. बाबांनी आशीर्वाद दिला. मी कपाळाला हात लावला.

बाहेर आल्यावर रिक्षात मी भडकलो. 'बाबा, तुम्ही मधे बोललात कशाला? तीस हजार तरी उतरले असते.'

'अरे, त्यानं सांगितलं, आपण ऐकलं. गाडी चांगली आहे ना?'

'प्रश्न तो नाही.'

'मग घेऊन टाक,' ते म्हणाले. 'तुझी आई वाट बघते.'

हे वाक्य मी ऐकलं. अगदी स्पष्ट ऐकलं. आणि सोडून दिलं, कारण मला त्या वेळी फक्त 'उचित है' ऐकू येत होतं. मी त्यांना म्हटलं, 'तुम्ही यापुढं घरी बसा. तुमच्या उचितनं मी लहानपण काढलंय.' हे बोलायला नको होतं, पण बोललो.

पुढचे तीन महिने मी जे केलं त्याची मला तेव्हा फार मजा वाटत होती. गाडीचा मूळ भाव सगळीकडे एकच असतो, खेळ वरच्या मालमसाल्याचा. विमा शोरूमचाच घ्या म्हणतात, बाहेर तोच निम्म्याला मिळतो. 'हँडलिंग चार्ज' म्हणून एक रक्कम लावतात, ती का म्हणून विचारलं की गडी खाली बघायला लागतो. पायपुसणी, आरसा, स्टीलच्या पट्ट्या, सगळं मिळून एक 'किट', आणि ते न घेता गाडी मिळतच नाही अशी बतावणी. मी एका शोरूमचं कोटेशन लेखी घ्यायचो, ते दुसऱ्याला दाखवायचो, दुसऱ्याचं तिसऱ्याला. कँट स्टेशनकडे एक, विमानतळाच्या रस्त्यावर एक, पलीकडे मुगलसरायच्या वाटेवर एक. शिवाय प्रयागराज आणि मिर्झापूरला फोन. शोरूममधली पोरं मला ओळखायला लागली. चहा न विचारता आणायची. एकजण म्हणाला, 'सर, आप हमारे यहाँ नौकरी कर लीजिए.' मी काय खूष! आषाढ गेला, श्रावण गेला, मी दर रविवारी टेस्ट ड्राइव्ह.

मावशी फोनवर विचारायची. मीच फोन उचलला की पहिला प्रश्न, 'काय रे, आली का गाडी?'

'येणार, मावशी. आणखी पाच हजार खाली उतरवतो, मग आणतो.'

'उतरव, उतरव. तोवर मी वर जाते.'

आम्ही दोघं हसायचो. ती अशीच बोलायची नेहमी, त्यात काय. आई शेजारी बसलेली असायची, वाती वळत. ती कधी काही म्हणाली नाही.

एकदाच मी तिला गाडीचं पुस्तक दाखवलं. त्यात आतला फोटो होता, सायीच्या रंगाच्या सीटा, एकदम बढिया. आईनं त्या फोटोवरून बोट फिरवलं. 'सुंदर आहे. फिकट आहे, नाही?' म्हणाली, आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. बाबा समोर पेपर वाचत होते. मी मनात म्हटलं, चला, आईला रंग आवडला.

गणपती झाले. अनंत चतुर्दशीनंतर दोन दिवसांनी मुगलसरायच्या वाटेवरच्या शोरूममधून मॅनेजरचा फोन आला. आवाज अगदी मऊ. महिना संपत आलाय, दोन गाड्या कमी पडतायत, आणि पितृपक्षात कुणी फिरकत नाही. 'सर, अगर आप इसी हफ्ते डिलीवरी ले लें...' आणि त्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून मी बँकेच्या जिन्यात उभ्या उभ्या मूठ आवळली. पहिल्या शोरूमपेक्षा एक्केचाळीस हजारांनी कमी! मात्र गाडी तिथं उभी होती तीच, सायीच्या सीटांची. आणि बिल हा महिना संपायच्या आत, म्हणजे ऐन पितृपक्षात.

तुम्हाला सांगतो, आमच्या इकडे या पंधरवड्यात माणसं नवा रुमालही विकत घेत नाहीत. आणि मी तर वैदिकाचा मुलगा. मी दोन दिवस गप्प राहिलो. मनात नाना युक्त्या. बिल आता करू, गाडी नवरात्रात आणू. मॅनेजर म्हणाला, नाही, गाडी उचलायलाच लागेल. मग म्हटलं, उचलून मित्राकडे ठेवू आणि घटस्थापनेला घरी आणू, बाबांना कळायचं नाही. पन्नाशीचा माणूस मी, आणि बापापासून लपवून गाडी ठेवायला जागा शोधतोय.

शेवटी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांसमोर जाऊन बसलो. त्यांचा ऐन कामाचा मोसम. दुसऱ्या दिवशी दोन यजमान होते, ते दर्भ मोजून जुड्या बांधत होते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं आणि खाली बघत बसलो.

बाबा हसायला लागले. दात नाहीत, त्यामुळे आवाज न होता सगळा चेहरा हलतो. 'अरे वेड्या, ज्या पंधरा दिवसांत आपल्या घरात वर्षाचं धान्य यायचं, ते दिवस अशुभ कसे? तुझी सायकल कधी आली होती, आठवतं?'

मला आठवलं. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी. जुनीच, पण चेन नवी. आईची वर्षाची एक साडी, माझे बूट, गच्चीची डागडुजी, सगळं या पंधरवड्यात यायचं. लोकांच्या वाडवडिलांनी आम्हाला पोसलं होतं.

'पितर काय परके आहेत? घरची माणसं घरी येतात, त्यांना गाडीतून फिरवायचं सोडून तू लपवतोस?' मग त्यांचा हात थांबला. 'उद्याचे यजमान दुपारपर्यंत आटपतील. चल, मी येतो बरोबर.'

'तुम्ही?'

'नाही बोलणार उचित है,' ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही शोरूममध्ये. आत चिटपाखरू नाही. पंखे फिरतायत आणि सेल्समन मोबाइल बघतायत. बाबा कोपऱ्यातल्या सोफ्यावर काठी धरून बसले. मी कागद वाचले, विमा बाहेरचा लावून घेतला, हँडलिंग चार्ज खोडून घेतला, चासी नंबरवरून गाडी कोणत्या महिन्यात बनली तेही तपासलं. सगळं चोख. पेन उचललं आणि सही करणार, एवढ्यात मागून आवाज आला.

'भाई साहब. मुझे कुछ माँगना है.'

बाबा उठून उभे होते. मी हातातलं पेन तसंच धरून राहिलो. साठ वर्षांत ज्या तोंडातून 'यथाशक्ति'शिवाय शब्द निघाला नाही, ते तोंड.

'सीट पर काला कवर चाहिए,' ते म्हणाले. 'ऐसा कि पानी गिरे तो भीतर न जाए. पोंछने से साफ हो जाए. पीछे की सीट पर ज़रूर.' त्यांचे कान लालबुंद झाले होते. 'और उसका दाम मत लगाइएगा.'

मॅनेजर गडबडला. 'अरे गुरुजी, आप आदेश दीजिए...' त्यानं तिथल्या तिथं पोराला पिटाळलं कव्हरं आणायला. बाबा परत सोफ्यावर बसले. त्यांनी मला पाणी आणायला सांगितलं.

मला तेव्हा कळलं. फिकट आहे, नाही? तीन महिने मी पट्ट्या आणि पायपुसण्यांवर भांडलो, विम्यात शंभर-शंभर रुपये सोडले नाहीत, आणि आईला हवी असलेली एकुलती एक गोष्ट माझ्या यादीत नव्हती. ती बाई त्या सायीच्या सीटकडे बघून घाबरली होती. नवी गाडी, पोराच्या घामाची, आणि आपण तिच्यावर पुन्हा तेच करणार. बाबांनी पेपरामागून ते ऐकलं होतं. मला इतकी लाज वाटली, की पाणी आणायला गेलो तो नळाशीच थोडा वेळ उभा राहिलो.

रविवारी सकाळी निघालो. रामनगरला संध्याकाळी रामलीलेची गर्दी होते, त्याआधी परत यायचं होतं. आईनं डब्यात अळूवड्या घेतल्या. लिफ्टपासून गाडीपर्यंत वीस मिनिटं लागली. कुणी हॉर्न वाजवला नाही, कुणी अम्मा जल्दी म्हणालं नाही. आई सीटवर बसली, काळ्या रेक्झिनवर तिनं तळहात फिरवला, पुन्हा फिरवला. मग बाबांकडे बघितलं. बाबा पुढच्या सीटवर नाकासमोर बघत बसले होते. तिनं पदराचं टोक डोळ्याला लावलं, आणि मला म्हणाली, 'चल की आता!'

पुलावर आल्यावर तिनं काच खाली करायला सांगितली. गंगा भादव्याची, भरून वाहत होती.

मावशीच्या घराला चार पायऱ्या. आईला चढवेनात, मावशीला उतरवेनात. शेवटी माझ्या मावसभावानं मावशीला खुर्चीसकट उचललं आणि गाडीत आईशेजारी आणून बसवलं. दारं लावली, एसी लावला. आम्ही बाकीचे निंबाखाली चहा पीत बसलो. काचेतून दोन पांढरी डोकी दिसत होती, एकमेकींना टेकलेली. डबा उघडलेला. दीड वर्षांनंतर त्यांना ओरडावं लागत नव्हतं.

तासाभरानं आतून हसण्याचा आवाज यायला लागला. थांबेचना. मी घाबरून दार उघडलं. मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणाली, 'अरे, तुझ्या आईनं केलं. मी म्हटलं रडतेस काय, माझंही झालंय!' आणि दोघी पुन्हा हसायला लागल्या, एकमेकींचे हात धरून, आठवीतल्या मुलींसारख्या. आई अशी हसलेली मी नावेत बघितली होती, त्यानंतर नाही. मला कळेना, हसू की रडू. बाबा उठले, खांद्यावरचा पंचा काढला, बादलीत बुडवून पिळला, आणि दोघींना उतरवल्यावर स्वतः वाकून सीट पुसली. डाग राहिला नाही. 'चांगली आहेत कव्हरं,' एवढंच म्हणाले.

असे चार रविवार. चार. नंतर कोजागिरी झाली आणि दोन दिवसांनी पहाटे मावसभावाचा फोन आला. मावशी झोपेतच गेली.

पाचव्या वेळी आईला घेऊन गेलो ते तिला शेवटचं बघायला. परतताना बाबा तिकडेच थांबले, पुढचं सगळं त्यांनाच बघायचं होतं. गाडीत आई आणि मी. पुलावर गाड्या हळूहळू सरकत होत्या. मला आरशात तिचं डोकं दिसत होतं. मी मनातल्या मनात मोजत होतो. पहिल्या शोरूममध्ये बाबा उचित है म्हणाले ते ज्येष्ठात. तेव्हा घेतली असती तर चार नाही, पंधरा-सोळा रविवार झाले असते. हा हिशेब बँकेतल्या माणसाला बरोबर येतो.

मी म्हटलं, 'आई, माझं चुकलं. मी उशीर केला. पैशांपायी केला. तू एकदा तरी म्हणायचंस, लवकर आण.'

आई म्हणाली, 'रोज यायचं रे ओठांवर. पण म्हटलं, मुलगा एवढा धडपडतोय, त्याला कसं मागू? आपल्या घरात मागत नाहीत ना.' आणि मागून तिचा हात माझ्या खांद्यावर आला. 'समोर बघ. रडत गाडी चालवू नको.'

बाबांना हे मी नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी घाटावरून आले ते आईशेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, 'आजपासून या घरात मागायचं. कुणाला काय हवं ते तोंडानं मागायचं.' आई म्हणाली, 'इश्श, आता या वयात!' पण बाबा हसले नाहीत.

कार्तिकातला रविवार होता. मी आंघोळ करून आलो तर आई साडी नेसून, काठी घेऊन दाराशी बसलेली.

'मला एक मागायचंय,' म्हणाली. आवाज अगदी बारीक. पंच्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा.

'माग ना, आई.'

'पुलावर ने.'

'कुणाकडे जायचंय?'

'कुणाकडे नाही. नुसतं जाऊन येऊ.'

वीस मिनिटं लावून खाली आलो. ती मागच्या सीटवर बसली, तिच्या बाजूला, खिडकीशी. दुसरी बाजू मोकळी सोडली. पुलावर आल्यावर मी न सांगता काच खाली केली. पलीकडे रामनगरच्या टोकाला वळून आम्ही परत निघालो, अलीकडे उतरलो, आणि मी घराकडे वळण घेणार तोच ती म्हणाली, 'अजून एकदा?'

'हो, आई.'

'तुला वेळ आहे ना?'

'आहे,' मी म्हटलं, आणि गाडी पुन्हा पुलाकडे वळवली.